फोटोत संशोधक, पत्रात कारकून

आमच्या सेंटरच्या वेबसाइटवर एक पान आहे. आमची माणसं, अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी वर लिहिलंय आणि खाली सगळ्यांचे हसरे फोटो. त्या पानावरचे परिचय मी लिहिले. ते पान उघडलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातली निम्मी आग माझ्या स्वतःवरच आहे, पण उरलेली निम्मी ज्यांच्यावर आहे त्यांना मी सोडणार नाही.

टोरंटोच्या उत्तरेला हायवेच्या कडेला एक काचेची बिल्डिंग आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बसतो. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित असलं शिकलेली माणसं पुढे कुठे जातात, कोण आपल्या क्षेत्रात टिकतं आणि कोण बाहेर फेकलं जातं, हे शोधणं आमचं काम. त्यातही बाहेरच्या देशांतून आलेल्यांचं जास्त. मुलाखती घ्यायच्या, त्या लिहून काढायच्या आणि प्रत्येकाच्या कामाला सरकारी यादीतला एक आकडा द्यायचा. ही यादी म्हणजे ह्या देशातली सगळी कामं, प्रत्येकाला एक आकडा. कारकुनाचा वेगळा, संशोधन साहाय्यकाचा वेगळा. पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मागताना इथल्या नोकरीचा अनुभव धरतात तो ह्याच आकड्यावरून. संशोधन साहाय्यकाचा आकडा चालतो. कारकुनाचा चालत नाही. मग तुम्ही दोन वर्षं काम केलेलं असो की दहा.

मी पुण्याची. वीस वर्षांपूर्वी सिव्हिल इंजिनिअर म्हणून आले आणि पहिली तीन वर्षं मॉलमधल्या एका दुकानात पडदे विकले. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. आता रिचमंड हिलला घर आहे, इथला पासपोर्ट आहे, आणि सेंटरमध्ये मुलाखतींचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. काँट्रॅक्टवर, दर दोन वर्षांनी रिन्यू होणारा.

जिच्यासाठी हे सगळं सांगतेय ती अमरावतीची. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तेरा वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवत होती. नवरा आणि शाळकरी मुलगी तिकडेच ठेवून ब्रॅम्पटनच्या एका कॉलेजात दोन वर्षं विशी-बाविशीच्या पोरांशेजारी बाकावर बसली. आधी आपण पक्कं व्हायचं, मग त्या दोघांना आणायचं, असा तिचा हिशोब. कॉलेज संपल्यावर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं, आणि पहिलं वर्ष इकडेतिकडे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. मला तेव्हा मराठी-हिंदी मुलाखतींसाठी माणूस हवा होता, आणि आजच हवा होता.

इथे माझी चूक. नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्या चुकीवरच उभं आहे.

संशोधन साहाय्यकाची जागा भरायची तर जाहिरात, कमिटी, तीन सह्या, म्हणजे दोन महिने गेले. कारकुनी मदतनीस घ्यायचा तर एक पानी फॉर्म आणि चार दिवस. आमच्याकडे सगळे मॅनेजर हेच करायचे. आधी मदतनीस म्हणून माणूस आत घ्यायचा, मग त्याच्याकडून हवं ते काम करून घ्यायचं. मीही तेच केलं. फॉर्मवर टिक केली, खाली सही ठोकली, आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले. नाव काय का असेना, काम तर सुरू होऊ दे, असं मी तिला म्हणालेसुद्धा. ती हसली. म्हणाली, "हो नं ताई, नावात काय ठेवलंय." नंतर फॉर्म बदलू असं मी मनात म्हटलं होतं, आणि ते मनातच राहिलं.

काम तिने काय केलं? ऐका. आपली माणसं मुलाखतीत कधीच खरं सांगत नाहीत. खोटं बोलतात असं नाही, पण परक्यासमोर पडती बाजू दाखवायची नाही हे आपल्या हाडात आहे. "कसं चाललंय?" "मस्त." "कुठे आहात?" "लॉजिस्टिक्समध्ये." झालं, आमची इथली शिकलेली पोरं लगेच लिहिणार की हा मनुष्य व्यवस्थापनात आहे, सुखी आहे. ब्रॅम्पटनच्या एका मेकॅनिकल इंजिनिअरची मुलाखत चालू होती. नागपूरचा गृहस्थ, मोठ्या कारखान्यात बारा वर्षं काढलेला. लॉजिस्टिक्स, म्हणाला. ही सहज बोलल्यासारखी म्हणाली, "दादा, शिफ्टला उभे राहिल्यावर तुमच्या हातात काय असते?" त्याने पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "स्कॅनर." आणि मग जे बोलायला लागला ते दीड तास थांबला नाही. ती मध्ये एकदाही बोलली नाही, फक्त त्याच्यासमोरचा पाण्याचा ग्लास भरत राहिली.

तो प्रश्न तिने आमच्या नियमावलीत घातला. पदाचं नाव विचारू नका, दिवसभर हातात काय असतं ते विचारा. त्या एका वाक्याने आमचे कितीतरी आकडे बदलले. जुन्या मुलाखती तिने पुन्हा काढल्या, पुन्हा ऐकल्या, पुन्हा आकडे दिले. आमचा डायरेक्टर त्या वाक्यावर मॉन्ट्रियलपर्यंत जाऊन भाषणं करून आला. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर छापलं, हुद्द्यावर जाऊ नका, माणूस प्रत्यक्ष काय करतो ते पाहा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

जानेवारीत ते वेबसाइटचं पान निघालं. सेंटरमागची माणसं जगाला दिसली पाहिजेत, असं डायरेक्टरच्या मनात आलं. फोटोग्राफर बोलावला. आधी यादीत ती नव्हती, कारण मदतनीसांचे फोटो काढायचे नव्हते. मग कुणीतरी पहिल्या फेरीतले फोटो पाहिले आणि माझा एक सोडला तर सगळे चेहरे एकाच रंगाचे दिसतायत असं त्यांच्या लक्षात आलं. धावतपळत तिला बोलावलं. स्वेटर काढ म्हणाले, ती कुडत्यावर उभी राहिली, हाताची घडी घालून, मान जरा तिरकी. परिचय मी लिहिला. आमच्या मराठी-हिंदी मुलाखतींमागची संशोधक, असं पहिलंच वाक्य. डायरेक्टरने वाचलं, छान आहे म्हणाला, आणि पानावर चढवलं. दुसऱ्या ओळीत तिचा फोटो, चांगला मोठा.

तीन आठवड्यांनी तिने पीआरसाठी कामाचं पत्र मागितलं. असलं पत्र एचआर देतं. हुद्दा काय, काम काय, किती वर्षं. एचआरने दोन दिवसांत दिलं. जेवणाच्या सुट्टीत ती ते घेऊन माझ्या टेबलाशी आली. डबा तिने उघडलाच नव्हता.

"ताई, हे पाहून घ्या नं जरा."

मी पाहिलं. हुद्दा, कारकुनी मदतनीस. कामं, झेरॉक्स काढणे, फायली लावणे, मीटिंगसाठी खोली तयार करणे. आमच्या ऑफिसात झेरॉक्स मशीन आहे हेच मला त्या पत्रावरून आठवलं.

"मी दोन वर्षं हे करून राहिले होते का?" तिने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं, टोमणा नव्हता.

मी एचआरला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. वेबसाइटवर बघा म्हणाले, तुमच्याच वेबसाइटवर ती संशोधक आहे. पलीकडची बाई फार शांत होती. वेबसाइट म्हणजे जाहिरात, ती म्हणाली, आम्ही रेकॉर्डवर जातो. आणि रेकॉर्डमध्ये असलेला फॉर्म तिने मला ईमेलने पाठवला. खाली माझी सही, झोकदार.

मी तो फॉर्म तिला दाखवला. लपवायचं कसं, ती समोरच उभी होती. तिने सही पाहिली, तारीख पाहिली. "अच्छा," एवढंच म्हणाली. मग, "आता काय करता येते?" मी म्हटलं, बघते, दुरुस्त करून घेते, तू काळजी करू नकोस. "हां ताई. जरा लवकर झालं तर बरं होईल," ती म्हणाली आणि डबा न खाताच कामाला बसली.

पत्राशिवाय अर्जात संशोधक लिहायला ती तयार नव्हती. नंतर कागद मागतात, आणि लिहिलेलं पत्राशी जुळलं नाही तर खोटारडी म्हणून वर्षानुवर्षं दार बंद. सरळ बाई होती. वाकड्यात शिरले होते ते मी आणि सेंटर.

मी डायरेक्टरकडे गेले. सभ्य माणूस आहे. कधी आवाज चढवत नाही, येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः कॉफी देतो. मी त्याच्यासमोर त्याचाच रिपोर्ट टाकला आणि पहिलं पान उघडलं. तो वाचून हसला, म्हणाला, हे आम्ही इतर मालकांसाठी लिहिलंय. खरंच म्हणाला. इंग्रजीत म्हणाला म्हणून त्याची धार कमी होत नाही. मग खुर्ची जवळ ओढून समजावणीच्या सुरात सांगू लागला. रेकॉर्डच्या विरुद्ध पत्र देता येत नाही. एकच मार्ग आहे. ज्याने फॉर्म भरला त्याने लेखी द्यायचं की नोकरीचा वर्ग चुकीचा टाकला होता, आणि तो माहीत असून टाकला होता. ते त्या व्यक्तीच्या फाइलला लागेल. तुझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यूअलला आहे ना, असंही म्हणाला. विचार कर, घाई नाही.

आणि मी विचार केला. वीस दिवस केला!

ह्या वीस दिवसांत मी चिडले मात्र भरपूर. एचआरवर चिडले, सरकारी यादीवर चिडले, आकड्यांच्या राज्यावर चिडले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात वाण हातात धरून मी अर्धा तास ह्या विषयावर भाषण दिलं, चार बायका च्च च्च म्हणाल्या, मला बरं वाटलं. घरी जेवताना रोज तेच. एके दिवशी नवरा म्हणाला, "तू ओरडतेस खूप. लिहिलंस का काही?" मुलगा फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "आई, जस्ट सेंड द ईमेल. इट्स लाइक फोर लाइन्स." मी दोघांवर ओरडले. तुम्हाला काय कळतंय ऑफिसचं राजकारण, म्हणाले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला नवी नोकरी कोण देतो इथे, हेही म्हणाले. ते खोटं नव्हतं. तरीपण.

ती मला ऑफिसात रोज दिसायची. दोन बस बदलून, बर्फ तुडवत, साडेआठला हजर. एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून. मी तिच्या टेबलावरून जाताना जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे, "मी मागे लागलेय हं त्यांच्या." ती मान हलवायची.

विसाव्या दिवशी तिचा वाढदिवस होता. आमच्याकडे प्रत्येकाच्या वाढदिवसाला दुपारी तीन वाजता किचनमध्ये केक कापतात, मग तो मदतनीस का असेना. एवढी समता आहे. ह्या वेळी केक मी आणला. मुद्दाम आणला, मनाला खात होतं म्हणून. ब्रॅम्पटनला जाऊन एगलेस, आंब्याचा, वर तिचं नाव मराठीत लिहून. डायरेक्टर आला, गाणं म्हणाला, त्याने कुठल्यातरी जुन्या सवयीने विचारलं, किती वर्षांची झालीस? सगळे हसले. तिने सांगितलं, "फॉर्टी वन." आणि केकचे अगदी सारखे बारा तुकडे केले. स्वतः नाही खाल्ला. उपास आहे म्हणाली.

सगळे गेल्यावर ती सिंकवर सुरी धूत होती. मी म्हटलं, "आज बुधवार, कसला उपास?"

"उपास नाही, ताई. घशाखाली उतरत नव्हता." पाणी बंद करून ती माझ्याकडे वळली. "पीआरच्या गुणांमध्ये वयाचे गुण असतात. तिशीनंतर दर वाढदिवसाला कमी होतात. मागच्या गुरुवारी ड्रॉ झाला, म्हणजे ठराविक गुणांच्या वरच्या सगळ्यांना बोलावलं. पत्र असतं तर मी नाव टाकलं असतं, चाळीसच्या गुणांनी मी आत बसत होते. आज एक्केचाळीस लागलं. आता नाही बसत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"लवकर झालं तर बरं, म्हटलं होतं नं."

म्हटलं होतं. का, हे मी विचारलं नव्हतं. रोज लोकांच्या आयुष्याच्या मुलाखती घेणारी मी, आणि माझ्याच टेबलासमोर उभ्या असलेल्या बाईला मला एक प्रश्न सुचला नाही. की सुचला होता आणि उत्तर नको होतं? आता वाटतं, तेच असावं. मला स्वतःची इतकी शिसारी आली की तिथे उभं राहवेना. बाहेर आले, जागेवर बसले आणि लिहिलं. दोन वर्षांपूर्वी फॉर्मवर चुकीचा वर्ग मी टाकला, तो चुकीचा आहे हे माहीत असून टाकला, लवकर माणूस मिळावा म्हणून. पहिल्या दिवसापासून तिचं काम संशोधनाचं होतं. ह्यात तिचा काही दोष नाही. एचआरला पाठवलं, डायरेक्टरला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी नवं पत्र आलं. हुद्दा बरोबर, कामं बरोबर, तारखा बरोबर. डायरेक्टरने स्वतः आणून दिलं आणि तिच्याशी हात मिळवला, जसं काही बक्षीसच देतोय. माझ्या फाइलला एक कागद लागला. मार्चमध्ये काँट्रॅक्ट रिन्यू झालं, सही करताना त्या कागदाचं कुणी नावही काढलं नाही. ज्याच्या धाकाने मी वीस दिवस दातखीळ बसल्यासारखी वागले, तो धाक एवढाच होता. ह्याचा राग कुणावर काढू?

तिने नाव टाकलं. एप्रिलमध्ये ड्रॉ झाला, थोडक्या गुणांनी हुकली. मे महिन्यात गुणांची रेषा आणखी वर सरकली. तिने रात्रीचे फ्रेंचचे क्लास लावले, त्याचे वेगळे गुण मिळतात म्हणून, पण परीक्षेची तारीख मिळाली ती परमिट संपल्यानंतरची. मी वकिलाला फोन केले, मंडळातल्या ओळखी काढल्या, डायरेक्टरला म्हटलं तुझ्या पत्राने काही होतं का बघ. त्याने दोन पानी शिफारस लिहून दिली. फार सुंदर लिहिली होती. तिच्यासारख्या लोकांची ह्या देशाला गरज आहे, असं त्यात होतं. त्या पत्राला गुण नव्हते.

जूनमध्ये परमिट संपत होतं, आणि ते वाढवून मिळत नाही. त्याआधीच्या शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस होता. मुलाखतींच्या फायली तिने मला एकेक करून समजावून दिल्या. कुणाला पुन्हा फोन करायचाय, कोणाच्या बायकोशी आधी बोलावं लागतं, कोण शनिवारीच भेटतो. मुलगी आता नववीत गेली, तिकडे गेल्यावर जुन्या कॉलेजात विचारून पाहते म्हणाली, पण तिची जागा त्यांनी केव्हाच भरली होती. मी माफी मागितली. आधीही मागितली होती, दोन-तीनदा. ती दर वेळी जाऊ द्या ताई म्हणायची. ह्या वेळी ते म्हणाली नाही.

"एक विचारू का, ताई? ते ईमेल लिहायला तुम्हाला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

"मग ते वीस दिवस तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

मी तिला सगळं सांगायला गेले. डायरेक्टर काय म्हणाला, रिन्यूअल, माझं वय, नवऱ्याच्या कंपनीतला लेऑफ. मग मलाच ते ऐकवेना. म्हटलं, "घाबरले होते. नोकरी जाईल म्हणून."

तिने ते नीट ऐकून घेतलं, मुलाखतीत ऐकायची तसं.

"पण तुमच्याजवळ तर इथला पासपोर्ट आहे नं, ताई," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. तिने पर्स खांद्याला लावली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि निघाली. तिला चार वीसची बस पकडायची होती.